माणसामागे जाणारा रोबो कोपऱ्यावरच का हरवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोदामात माल उचलणाऱ्या कामगाराच्या मागे-मागे एक ट्रॉली आपोआप यायला हवी. ट्रॉलीला दोन मोटारीची चाकं आहेत, पुढे २७० अंश बघणारा लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) आहे आणि एक डेप्थ कॅमेरा (चित्रासोबत अंतरही टिपणारा) आहे. सॉफ्टवेअर आरओएस २ (रोबो चालवण्याची मुक्त प्रणाली) आणि नॅव्ह२ (तिच्यातला मार्ग काढून चालवणारा भाग). दर सेकंदाला माणसाची ताजी जागा हे ‘लक्ष्य’ म्हणून दिलं जातं आणि ए-स्टार हा मार्ग शोधणारा अल्गोरिदम नवा मार्ग काढतो. सरळ गल्लीत ट्रॉली बरी चालते. पण माणूस रॅकच्या टोकाला वळला की ती त्याला हरवते, खांबाजवळ डावीकडून जाऊ की उजवीकडून असं करत अडखळते, आणि अधूनमधून ‘मार्ग सापडत नाही’ म्हणून जागीच उभी राहते. विचारलंय ते असं: ए-स्टार काढून डी-स्टार लाइट हा दुसरा मार्गशोधक अल्गोरिदम बसवावा, की आरआरटी-स्टार?

दोन्ही नको. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही मार्ग शोधणाऱ्या अल्गोरिदममुळे आलेली नाही.

सगळ्यात सोपी तक्रार आधी घेतो, ‘मार्ग सापडत नाही’ ही. लायडारला माणूस दिसतो म्हणजे कॉस्टमॅपवर (कुठे मोकळं, कुठे अडथळा हे छोट्या चौकोनांत नोंदवणाऱ्या नकाशावर) तिथे अडथळा उमटतो. त्याच जागेला तुम्ही लक्ष्य म्हणता. म्हणजे प्लॅनरला (मार्ग आखणाऱ्या भागाला) आपण भिंतीच्या आत जायला सांगतोय. ठरावीक मोकळीक दिलेली असेल तर तो जवळचा रिकामा चौकोन शोधून वेळ मारून नेतो, पण माणूस रॅकला खेटून उभा राहिला की तेही जमत नाही. उपाय असा की ज्या बिंदूंवरून माणूस ओळखला गेला, ते बिंदू कॉस्टमॅपमध्ये जाण्याआधीच गाळायचे. फक्त मार्ग आखणाऱ्या कॉस्टमॅपमधून, बरं का. आणीबाणीत ब्रेक लावणारा सेफ्टी स्कॅनर या सगळ्यापासून वेगळाच राहिला पाहिजे. ‘हा आपला माणूस आहे’ हे त्याला कळण्याचं काही कारण नाही. याच्याच जोडीला आणखी एक त्रास असतो: माणूस चालत पुढे जातो आणि मागे कॉस्टमॅपवर त्याच्या भुतांची रांग उरते. लायडारचा किरण कुठेच न आपटता निघून गेला तर त्याचे बरेच ड्रायव्हर (वाचन संगणकाकडे पोचवणारे प्रोग्रॅम) त्याचं अंतर ‘अनंत’ म्हणून पाठवतात, आणि तसं वाचन ग्राह्य धरायची सेटिंग बंद असेल तर त्या दिशेचे जुने अडथळे पुसलेच जात नाहीत. लांब, मोकळ्या गल्लीत हे हमखास होतं.

आता मूळ मुद्दा. माणसाची जागा हे तुमचं लक्ष्यच नाही. ट्रॉलीला माणसापर्यंत पोचायचं नाहीये, त्याच्या मागे ठरावीक अंतरावर राहायचंय. पाठलाग आणि सोबत ही दोन वेगळी गणितं आहेत. पाठलागाचं गणित जुनं आहे: पिएर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने १७३२ साली जहाजाचा पाठलाग करणारं दुसरं जहाज कोणत्या वक्राने जाईल ते मांडलं होतं. सतत सावजाच्या आत्ताच्या जागेकडे तोंड ठेवणारा शेवटी त्याच्या शेपटीमागे जाऊन पडतो. पकडायचं असेल तर ही पद्धत वाया, पुढचा अंदाज घेऊन आडवं जावं लागतं. पण आपल्याला तर मागेच राहायचंय, त्यामुळे अडवण्याची, छेदण्याची सगळी सूत्रं बाजूला ठेवा. आपल्याला ठरवायचंय ते अंतर.

ते अंदाजाने ठरवू नका, ब्रेकवरून काढा. माणूस १.३ मीटर प्रतिसेकंद चालतो असं धरू. गोदामात हीच चाल दिसते. लायडारच्या वाचनापासून चाकं हलेपर्यंतचा एकूण विलंब ०.३ सेकंद. ट्रॉली मालासकट ०.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या मंदनाने थांबते. माणूस एका पावलात थांबू शकतो, ट्रॉली नाही. विलंबात ०.३९ मीटर जातं, थांबायला १.०६ मीटर लागतं, मिळून साधारण १.४५ मीटर. वर थोडी मोकळीक ठेवली की १.८ मीटर. एडवर्ड हॉलने १९६६ साली माणसांमधली अंतरं मांडली त्यात १.२ मीटरच्या आत ‘वैयक्तिक’ परीघ येतो. त्याच्या बाहेर राहिलं की मागे काहीतरी लागलंय ही भावना कामगारांना कमी जाणवते. दोन्ही हिशेब जुळतात, तर १.८ वर थांबू.

पण तुमची ट्रॉली १.८ मीटरवर राहत नाहीये, आणि कोपऱ्यावरच्या हरवण्याचं मूळ इथे आहे.

तुमचा कंट्रोलर, म्हणजे ट्रॉलीचा वेग ठरवणारा भाग, (अशा बहुतेक प्रकल्पांत असतो तसा) ‘अंतर जास्त तर वेग जास्त’ या तत्त्वावर चालतोय असं धरतो: वेग बरोबर गुणक गुणिले (प्रत्यक्ष अंतर वजा हवं ते अंतर). गुणक १ असेल आणि माणूस १.३ ने चालत असेल, तर ट्रॉलीलाही १.३ ने चालायला अंतरातली चूक १.३ मीटरच असावी लागते. म्हणजे तुम्ही सांगितलं १.८, आणि ट्रॉली स्थिरावते ३.१ मीटरवर. दीड मीटर सांगितलं असेल तर २.८. हा कंट्रोलरचा बिघाड नाही. त्याला जे सांगितलंय तेच तो करतोय. गुणक वाढवून बघितला असेल तर ट्रॉली मागेपुढे हिंदकळायला लागली असणार. त्याचंही गणित आहे: अशा साध्या फीडबॅकमध्ये गुणक गुणिले विलंब हे ०.३७ च्या वर गेलं की प्रतिसाद झुलायला लागतो आणि १.५७ ला स्थैर्य संपतं. ०.३ सेकंद विलंबाला १.२ च्या आसपासच सीमा आली. म्हणजे गुणक वाढवायला फारशी जागाच नाही.

जागा आहे ती दुसरीकडे. माणसाचा वेग मोजा आणि तो सरळ ट्रॉलीच्या वेगात मिळवा. वेग = माणसाचा वेग + गुणक × चूक. आता गुणकाचं काम फक्त उरलीसुरली चूक मिटवण्याचं, आणि १.८ म्हणजे १.८ च राहतं. माणसाचा वेग काढायला कालमन फिल्टर (डळमळत्या वाचनांतून जागा आणि वेगाचा अंदाज काढणारं गणित) पुरतो, स्थिर वेगाचं साधं मॉडेल घेऊन. शिकलेल्या मोठमोठ्या मॉडेलांचा मोह इथे आवरावा. २०२० मध्ये शॉलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पादचाऱ्यांच्या हालचालीचा अंदाज घेताना हे साधं मॉडेल न्यूरल नेटवर्कांना चांगलीच टक्कर देतं. एक पथ्य मात्र पाळा. लायडार घोट्याच्या उंचीवर असेल तर एका पायाचा माग घेऊ नका. टेकलेला पाय जमिनीवर स्थिर असतो आणि उचललेला पाय चालीच्या दुपटीहून जास्त वेगाने पुढे जातो; फिल्टर बिचारा गोंधळतो आणि ट्रॉली दर पावलाला झटका देते. दोन्ही पायांचा मध्य घ्या.

आता कोपरा. रॅकचं टोक म्हणजे आतला कोपरा. माणसं वळताना हा कोपरा कापतात, त्याच्यापासून साधारण अर्धा मीटर ठेवून. दीड मीटर सांगितलेली ट्रॉली त्याच वाटेने २.८ मीटर मागे, रॅकपासून ०.४ मीटरवर. माणसाला बिंदू धरून, कोपऱ्यातून जाणारी नजरेची रेषा काढून बघा: माणूस आडव्या गल्लीत जेमतेम १२ सेंटिमीटर शिरतो तोच दिसेनासा होतो, आणि ट्रॉली अशीच चालत राहिली तर तो १.६८ मीटर आत गेल्यावर पुन्हा दिसतो. मधे साधारण १.२ सेकंद अंधार. त्यात तुमचा प्रोग्रॅम लक्ष्य दिसेना म्हणून वेग कमी करतो. तो थांबला की माणूस पुन्हा दिसण्याचा क्षण येतच नाही. हरवला.

हेच गणित १.८ मीटर अंतराने करा. माणूस एकदाही लपत नाही. मार्गही तोच, कोपराही तोच. बदललं ते फक्त अंतर. म्हणून मी म्हणतो की कोपऱ्यावर हरवणं हे सरळ गल्लीत मागे पडण्याचं फळ आहे, आणि नवीन प्लॅनर बसवून ते बदलणार नाही.

यात एक खोच आहे. अंतर कुठलं मोजायचं? ट्रॉलीपासून माणसापर्यंतची सरळ रेषा मोजत असाल तर वळणावर ती रेषा आखडते. वाटेने १.८ मीटर मागे असलेली ट्रॉली कोपऱ्यापाशी सरळ रेषेत १.३ मीटरवर दिसू शकते. कंट्रोलरला वाटतं आपण फार जवळ आलो आणि तो नेमका तिथेच ब्रेक लावतो, जिथे मागे पडणं सगळ्यात महाग. म्हणून पाठोपाठ चालण्याचं अंतर वाटेवरून मोजा. धडकेचं अंतर मात्र सरळ रेषेतच.

वाट म्हणजे माणूस जिथून चालत गेला ती रेषा. तिचे बिंदू दर १०-१५ सेंटिमीटरला साठवत जा. या कामातली ही फुकटात मिळणारी सर्वांत मौल्यवान माहिती आहे आणि कितीतरी लोक ती टाकून देऊन दर वेळी कोऱ्या नकाशावर मार्ग शोधतात. माणूस तिथून आत्ताच गेला, म्हणजे ती जागा दोन सेकंदांपूर्वी मोकळी होती. अर्थात माणूस पॅलेटचा कोपरा ओलांडून जाईल किंवा दोन खोक्यांमधून आडवा होऊन निसटेल, तुमची ७० सेंटिमीटर रुंदीची ट्रॉली नाही. म्हणून वाटेवरून ट्रॉलीचा पूर्ण आकार फिरवून कॉस्टमॅपवर तपासा. बसला तर वाटच धरा, नाही बसला तरच ए-स्टारला हाक मारा, आणि त्याचं लक्ष्य वाटेवरचा १.८ मीटर मागचा बिंदू ठेवा. नॅव्ह२ मध्ये हलत्या बिंदूमागे जाण्याचं बिहेव्हियर ट्री (रोबोने कधी काय करायचं हे फांद्याफांद्यांनी मांडणारी रचना) तयार मिळतं. त्यात लक्ष्य सतत ताजं करणारा आणि मार्गाचं शेवटचं टोक कापणारा असे दोन नोड आहेत. सुरुवात तिथून करा, पण कापण्याचं अंतर वरच्या हिशेबाने बदला.

कोपऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती पुस्तकातल्या शिकवणीच्या उलट जाते. सर्वांत छोटा मार्ग नेहमी आतल्या कोपऱ्याला घासून जातो, आणि दिसण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट. घाटातला मुरलेला ड्रायव्हर आंधळ्या वळणावर डोंगराची कड धरून गाडी घालत नाही, तसं आहे हे. मघाचंच उदाहरण: अंतर २.८ च, पण ट्रॉली रॅकपासून ०.४ ऐवजी १.६ मीटरवरून येतेय. अंधार १.२ सेकंदांवरून ०.१५ सेकंदांवर येतो, म्हणजे लायडारच्या एक-दोन फेऱ्या. तेवढं फिल्टर सहज पेलतो. गल्ली रुंद असेल तर हा लाभ घ्याच. लक्ष्य नजरेत ठेवणं हाच निकष धरून हालचाल आखण्याचा विचार नवा नाही; लाव्हाल, गोन्झालेझ-बॅन्योस, बेकर आणि लातोंब यांनी १९९७ मध्येच तो नेमका मांडला होता.

प्रत्यक्षात हे बसवायचं लोकल कंट्रोलरमध्ये, म्हणजे पुढच्या काही क्षणांची हालचाल ठरवणाऱ्या भागात. फॉक्स, बुर्गार्ड आणि थ्रुन यांची १९९७ ची डायनॅमिक विंडो पद्धत घ्या किंवा नॅव्ह२ मधला एमपीपीआय हा कंट्रोलर, तत्त्व सारखंच: आत्ताच्या वेगावरून मोटारींना जमतील असे पुढचे अनेक पर्याय घ्यायचे, प्रत्येक दोन सेकंद पुढे चालवून बघायचा आणि गुण द्यायचे. गुणांमध्ये तुमची एक भर: त्या-त्या क्षणी ट्रॉली जिथे असेल तिथून माणूस जिथे असेल तिथपर्यंत कॉस्टमॅपवर रेषा ओढा, ती रॅक कापत असेल तर दंड. त्यासाठी कोड मोजक्या ओळींचा आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर माणूस गेला तर त्याहून कमी दंड, कारण १.८ मीटर अंतर राखूनही कोपऱ्यापाशी माणूस ६०-७० अंशांवर जातो आणि ९० अंशांच्या कॅमेऱ्याला मध्यापासून ४५ च्या पलीकडचं दिसत नाही. तेवढ्यापुरतं लायडारवर भागवायचं.

तरीही माणूस हरवणारच कधीतरी, मधून दुसरी ट्रॉली आडवी गेली म्हणूनही. तेव्हा लगेच थांबू नका. पहिला एक सेकंद फिल्टरच्या अंदाजावर जणू काही झालंच नाही असं चाला, वेग मात्र वाढवायचा नाही. पुढचे दोन-तीन सेकंद अंदाज सोडून द्या आणि शेवटच्या दिसलेल्या जागेपर्यंत, म्हणजे कोपऱ्यापर्यंत, जा आणि तिथे वळून बघा. तरी नाही दिसला तर थांबा आणि आवाज द्या. गोदामात ‘शोधत फिरणारी’ ट्रॉली कुणालाच नको असते. आणि परत दिसलेला माणूस तोच आहे का? सारख्या जॅकेटमधले दोन कामगार एकमेकांना ओलांडून गेले की लायडार आणि कॅमेरा दोघेही फसतात. सर्वांत जवळचा तो आपला, हा नियम तर हमखास दगा देतो. निदान फिल्टरने अंदाजलेल्या जागेपासूनचं अंतर त्या अंदाजाच्या अनिश्चिततेने भागून मोजा. पण खरं सांगायचं तर कामगाराच्या पट्ट्याला यूडब्ल्यूबी टॅग (रेडिओ लहरींनी आपली जागा आणि ओळख कळवणारी चकती) लावा. दहा-वीस-तीस सेंटिमीटरची चूक असते, पण ओळख चुकत नाही. कॅमेऱ्यानेच ओळखायचं असा हट्ट प्रबंधासाठी ठीक.

खांबापाशी डाव्या-उजव्याचा घोळ. दोन्ही बाजूंचे मार्ग जवळजवळ सारख्या लांबीचे, माणूस थोडा इकडेतिकडे झाला की ‘सर्वोत्तम’ बाजू पालटते आणि दर सेकंदाला नवा मार्ग ताजा निर्णय घेतो. प्लॅनर प्रत्येक वेळी बरोबरच असतो, सगळे मिळून चूक होतात. माणसाची वाट धरली की यातला मोठा भाग आपोआप मिटतो, कारण माणसाने बाजू निवडलेली असते. ए-स्टार लागेल तिथे जुना मार्ग अजून मोकळा असेल तर नवा किमान १५-२० टक्के स्वस्त असल्याखेरीज स्वीकारू नका. (लक्ष्य ओढतं आणि अडथळे ढकलतात असं मानणाऱ्या, खातिबच्या १९८६ च्या कृत्रिम बलक्षेत्र पद्धतीने हे सुटेल असं कुणी सुचवेल. नाही सुटणार. अरुंद वाटेत ती पद्धत झुलते, हे कोरेन आणि बोरेनस्टाइन यांनी १९९१ मध्येच दाखवलंय, आणि गोदामात अरुंद वाटांशिवाय असतं काय?)

हलते अडथळे, म्हणजे इतर माणसं आणि फोर्कलिफ्ट, यांच्यासाठी वेळेसकट पूर्ण मार्ग आखायच्या फंदात पडू नका. वेगाला मर्यादा असलेल्या एका बिंदूचा हलत्या अडथळ्यांमधून मार्ग काढणं हेही एनपी-हार्ड (आकार वाढला की गणना आवाक्याबाहेर जाणाऱ्या प्रश्नांपैकी) आहे, हे कॅनी आणि राइफ यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलं. फियोरिनी आणि शिलर यांची १९९८ ची व्हेलॉसिटी ऑब्स्टकल कल्पना दोन-तीन सेकंदांच्या क्षितिजापुरती वापरा: जो वेग घेतल्यास तेवढ्या वेळात टक्कर होते तो बाद. क्षितिज लांबवलं तर गर्दीत सगळेच वेग बाद होतात आणि ट्रॉली गोठते. ट्राउटमन आणि क्राउझे यांनी २०१० मध्ये यालाच गोठणाऱ्या रोबोची समस्या म्हटलं; माणसंही बाजूला सरकतात हे रोबोने गृहीतच धरलेलं नसतं. फोर्कलिफ्टसाठी मात्र हे गृहीत धरू नका. ती सरकत नाही.

एक प्रसंग तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच: माणूस गल्लीत मधेच उलटा फिरतो आणि ट्रॉलीकडे चालत येतो. आता ट्रॉलीच अडथळा. अंतर राखायला ती मागे हटू लागते, मागे सेन्सर नसतो, आणि कामगार वैतागून तिला ढकलतो. माणसाचा वेग ट्रॉलीच्या दिशेने असेल तर पाठोपाठ चालण्याची अवस्थाच बंद करा. रॅकच्या बाजूला सरकून थांबा, त्याला जाऊ द्या, साठवलेली वाट पुसा, तो १.८ मीटर पुढे गेला की जागीच वळून पुन्हा निघा. ही अवस्था बिहेव्हियर ट्रीमध्ये स्वतंत्र फांदी म्हणून लिहा, कंट्रोलरच्या वजनांत घुसडू नका.

तुमच्या मूळ प्रश्नावर परत येतो. ए-स्टार हार्ट, निल्सन आणि राफाएल यांचा, १९६८ चा. कोएनिग आणि लिखाचेव्ह यांचा २००२ चा डी-स्टार लाइट नकाशा बदलला तर जुना शोध पुन्हा वापरतो, आणि लक्ष्य हलतं तेव्हासाठी सुन, येओ आणि कोएनिग यांनी २०१० मध्ये त्याचं खास रूप आणलं. नकाशा प्रचंड आणि लक्ष्य दूर असेल तेव्हा त्यांना अर्थ आहे. तुमचं लक्ष्य दोन मीटरवर आहे. पाच सेंटिमीटरच्या चौकोनांत तो शोध इतका उथळ असतो की वाचवायला काही शिल्लकच नाही. आरआरटी-स्टार, कारामान आणि फ्रात्झोली, २०११: अनेक सांध्यांच्या रोबो-हाताला उत्तम. तो यादृच्छिक बिंदू टाकत शोधतो, म्हणून सपाट फरशीवर दर वेळी थोडा वेगळा मार्ग देऊन तुमचा खांबापाशीचा घोळ वाढवेल एवढंच.

काम या क्रमाने करा: आधी माणसाचे बिंदू गाळणं, मग वेगाची भर, मग वाट, मग दृश्यतेचा दंड. पहिल्या दोन गोष्टी एका आठवड्यात होतील आणि बहुतेक तक्रारी तिथेच संपतील. चाचणीसाठी खऱ्या कामगारांच्या चालण्याचं रेकॉर्डिंग करून तेच पुन्हा पुन्हा चालवा. सिम्युलेटरमधला एकसारख्या चालीचा माणूस सगळ्या कंट्रोलरना पास करतो. दर वेळी तीन आकडे लिहून ठेवा: माणूस किती टक्के वेळ दिसत होता, वाटेवरचं सरासरी अंतर, सरळ रेषेतलं किमान अंतर.

आणि ०.३ सेकंद हा विलंब मी धरलेला आहे, तुमचा मोजलेला नाही. फोनच्या स्लो-मोशनमध्ये माणूस आणि ट्रॉलीचं चाक एकाच चौकटीत घ्या, माणसाला उभ्याउभ्या एकदम चालू लागायला सांगा आणि फ्रेम मोजा. यात ट्रॉलीची सुरुवातीची ढिलाईही धरली जाते, तेच बरं. आकडा अर्ध्या सेकंदाच्या वर आला तर १.८ मीटरचा हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि गुणकही ०.७ च्या आसपास उतरवावा लागेल.